संचित निधीची किल्ली : पक्षांतर्गत मतभेद आणि शासनाचा खर्च
(रामनगर, वाराणसी येथील व्याख्यानाचा संपादित भाग)



गंगेच्या पूर्व तीरावर उभा असलेला रामनगरचा किल्ला अठराव्या शतकात राजा बलवंतसिंहांनी बांधला. बनारसला १९११ मध्ये संस्थानाचा दर्जा मिळाला तेव्हा रामनगर हीच त्याची राजधानी होती. ऑक्टोबर १९४९ मध्ये हे संस्थान आजच्या उत्तर प्रदेशात विलीन झाले आणि देशातील इतर शेकडो संस्थानिकांप्रमाणे येथील महाराजांनाही भारत सरकारकडून तनखा मिळू लागला. रामलीलेसाठी प्रसिद्ध असलेल्या या नगरीत शासकीय खर्चाचा विषय मांडण्याचे कारण या तनख्यातच आहे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २९१ नुसार संस्थानिकांचे तनखे भारताच्या संचित निधीवर 'भारित' होते. 'भारित' आणि 'दत्तमत' हा भेद स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात दोन ओळींत संपतो, परंतु त्यात सत्तेचे मर्म आहे. दत्तमत खर्चासाठी अनुदानाची मागणी लोकसभेपुढे मांडावी लागते आणि सभागृह ती नाकारू शकते. भारित खर्चावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. राष्ट्रपतींचे वेतन, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे वेतन, सरकारी कर्जावरील व्याज व परतफेड हे सारे भारित खर्चात येते. ज्या देण्यांचा शब्द राष्ट्राने दिला आहे, ती त्या त्या वर्षीच्या बहुमताच्या लहरीवर सोडू नयेत, हा त्यामागील हेतू. तनखे या यादीत असल्यामुळे वार्षिक अर्थसंकल्पात ते कापणे शक्यच नव्हते. ते बंद करायचे तर राज्यघटना बदलणे भाग होते.

जून १९६७ मध्ये अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या बैठकीत पुण्याचे मोहन धारिया यांनी तनखे रद्द करण्याची उपसूचना मांडली आणि ती संमत झाली. त्या वेळचे गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्याकडे संस्थानिकांशी वाटाघाटी करण्याचे काम आले. रक्कम तशी मोठी नव्हती. साठच्या दशकाच्या अखेरीस देशभरातील तनख्यांची वार्षिक बेरीज पाच कोटी रुपयांहूनही कमी होती. वाद पैशाच्या आकड्याचा नव्हता. दिलेला शब्द मोडावा काय, आणि पक्षाची आर्थिक दिशा कोणी ठरवावी, यावर काँग्रेसमध्ये दोन तट पडले होते. १६ जुलै १९६९ रोजी मोरारजी देसाई यांच्याकडून अर्थखाते काढून घेण्यात आले, १९ जुलैला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि नोव्हेंबरमध्ये पक्ष फुटला. सप्टेंबर १९७० मध्ये तनखे रद्द करणारे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत दोन तृतीयांश बहुमताने संमत झाले, पण राज्यसभेत बाजूने १४९ व विरोधात ७५ मते पडली. २२४ चे दोन तृतीयांश म्हणजे १४९.३३. विधेयक एका मताने पडले.

त्यानंतर राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यताच काढून घेण्याचा मार्ग पत्करण्यात आला. माधवराव शिंदे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर १९७० रोजी तो आदेश रद्द ठरवला. अखेर १९७१ च्या निवडणुकीत मिळालेल्या बहुमताच्या बळावर सव्विसावी घटनादुरुस्ती झाली आणि अनुच्छेद २९१ राज्यघटनेतून गेला. तोपर्यंत तनखे चालूच होते. पक्ष फुटला, सरकार अल्पमतात आले, लोकसभा मुदतीआधी विसर्जित झाली. परंतु भारित खर्चाचा एक रुपयाही त्यामुळे अडला नाही. अडवता येऊ नये म्हणूनच तर तो भारित असतो.

खरा प्रश्न दत्तमत खर्चाचा आहे. शिक्षकांचे वेतन, रुग्णालयातील औषधे, रस्त्यांची कामे, शिष्यवृत्त्या हा सारा खर्च सभागृहाच्या मतावर अवलंबून असतो. अनुच्छेद ११४ आणि राज्यांसाठी अनुच्छेद २०४ असे सांगतात की, कायद्याने विनियोजन झाल्याशिवाय संचित निधीतून पैसा काढता येणार नाही. सभागृहाने मागण्या मान्य केल्या तरी विनियोजन विधेयक संमत होईपर्यंत तिजोरी उघडत नाही. मग सत्ताधारी पक्षातच फूट पडून हे विधेयक अडले तर?

अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर 'शटडाऊन' असे आहे. तेथील वित्तीय वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. १९८० पूर्वी विनियोजनाला विलंब झाला तरी कार्यालये बहुधा चालू राहत. १९८० आणि १९८१ मध्ये महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेटी यांनी जुन्या कायद्याचा काटेकोर अर्थ लावला. मंजुरी नसेल तर जीवित व मालमत्तेच्या रक्षणासारखी अत्यावश्यक कामे सोडून बाकीचे काम थांबले पाहिजे, असा त्यांच्या मतांचा आशय होता. तेव्हापासून कार्यालये बंद पडण्याचे प्रसंग येऊ लागले. १९९५-९६ मध्ये २१ दिवस, २०१३ मध्ये १६ दिवस, २०१८-१९ मध्ये ३५ दिवस, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून ४३ दिवस. हा शेवटचा तोवरचा सर्वांत दीर्घ. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस असा प्रसंग टळला तो रिपब्लिकन पक्षाचे सभापती केव्हिन मॅकार्थी यांनी विरोधकांच्या मतांच्या आधारे तात्पुरती मंजुरी मिळवली म्हणून. त्याची किंमत त्यांनी लगेच मोजली. ३ ऑक्टोबर रोजी त्यांच्याच पक्षातील काही सदस्यांच्या मतांमुळे २१६ विरुद्ध २१० अशा मतांनी त्यांना सभापतिपदावरून दूर करण्यात आले.

अमेरिकेत कार्यालये बंद पडतात, पण अध्यक्ष पदावर राहतात. भारतात याच्या उलट घडते. येथे मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार आहे. अनुदानाची मागणी फेटाळली गेली किंवा विनियोजन विधेयक पडले तर तो सरकारवरील अविश्वास समजला जातो. कार्यालय चालू राहते, सरकार जाते. मधल्या काळासाठी अनुच्छेद ११६ मध्ये, आणि राज्यांकरिता २०६ मध्ये, लेखानुदानाची सोय आहे. पूर्ण अर्थसंकल्प संमत होईपर्यंत काही महिन्यांचा खर्च आगाऊ मंजूर करायचा, एवढाच त्याचा अर्थ. मात्र लेखानुदानासाठीही सभागृह भरावे लागते आणि मतदान व्हावे लागते. सभागृहच भरू दिले नाही तर काय, हा पेच १९६८ मध्ये पंजाबात उभा राहिला.

चौथ्या सार्वत्रिक निवडणुकीनंतरचा तो काळ पक्षांतरांचा होता. खुद्द उत्तर प्रदेशात चरणसिंह यांनी नव्या वित्तीय वर्षाच्या पहिल्याच दिवशी, १ एप्रिल १९६७ रोजी, सहकाऱ्यांसह काँग्रेस सोडली आणि चंद्रभानू गुप्त यांचे जेमतेम तीन आठवड्यांचे सरकार कोसळले. पंजाबात नोव्हेंबर १९६७ मध्ये लछमनसिंग गिल संयुक्त आघाडीतून बाहेर पडले आणि काँग्रेसच्या पाठिंब्यावर मुख्यमंत्री झाले. मार्च १९६८ मध्ये अर्थसंकल्प सभागृहापुढे असतानाच, ७ मार्च रोजी, सभापती जोगिंदरसिंग मान यांनी विधानसभा दोन महिन्यांसाठी तहकूब केली. ३१ मार्चला वर्ष संपणार होते. दोन महिने सभागृह बंद याचा अर्थ १ एप्रिलपासून राज्याच्या तिजोरीतून दत्तमत खर्चाचा पैसा निघणार नाही.

राज्यपाल डी. सी. पावटे यांनी ११ मार्चला अधिवेशनाची सत्रसमाप्ती केली, १३ मार्चला वित्तीय कामकाजाच्या नियमनाचा अध्यादेश काढला आणि १८ मार्चला सभागृह पुन्हा बोलावले. वित्तीय कामकाज पुरे होईपर्यंत सभागृहाच्या ठरावाशिवाय तहकुबी होणार नाही, असे अध्यादेशाने ठरवले होते. त्याला आधार होता अनुच्छेद २०९ चा; वित्तीय कामकाज वेळेवर पुरे व्हावे म्हणून कायद्याने कार्यपद्धती ठरवण्याची मुभा तो विधिमंडळाला देतो. १८ मार्चला गोंधळात सभापतींनी पुन्हा तहकुबी जाहीर केली आणि ते निघून गेले. उपसभापतींनी आसन ग्रहण केले आणि विनियोजन विधेयके संमत झाली. उच्च न्यायालयाने हे कायदे अवैध ठरवले. परंतु 'पंजाब राज्य विरुद्ध सत्यपाल डांग' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै १९६८ रोजी तो निर्णय फिरवला. विद्यार्थ्यांनी हा खटला अवश्य अभ्यासावा. सभापतींचे अधिकार मोठे आहेत, पण संचित निधीची किल्ली त्यांच्या खिशात नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

अठ्ठेचाळीस वर्षांनी, पुन्हा मार्च महिन्यातच, उत्तराखंडात पेच आला. या वेळी सभागृह भरले होते. वाद विधेयक संमत झाले की नाही याचाच होता. १८ मार्च २०१६ रोजी विनियोजन विधेयकावर भारतीय जनता पक्षाच्या आमदारांसह सत्ताधारी काँग्रेसच्या नऊ आमदारांनी मतविभागणीची मागणी केली. विजय बहुगुणा आणि हरकसिंग रावत त्यांत होते. सभापती गोविंदसिंग कुंजवाल यांनी आवाजी मतदानाने विधेयक संमत झाल्याचे जाहीर केले. एका बाजूचे म्हणणे, विधेयक पडले, म्हणून सरकारही पडले. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, सभापतींचा निर्णय अंतिम. मुख्यमंत्री हरीश रावत यांना २८ मार्चपर्यंत बहुमत सिद्ध करण्यास राज्यपालांनी सांगितले होते. त्याच्या आदल्या दिवशी, २७ मार्चला, राष्ट्रपती राजवट लागू झाली. त्याच दिवशी सभापतींनी नऊ आमदारांना अपात्र ठरवले.

वर्ष संपायला चार दिवस उरले होते आणि १ एप्रिलपासून खर्चाला निर्विवाद मंजुरी नव्हती. राष्ट्रपती राजवटीत राज्य विधिमंडळाचे अधिकार संसदेकडे जातात. संसदेच्या दोन्ही सभागृहांची सत्रसमाप्ती करण्यात आली आणि ३१ मार्च रोजी राष्ट्रपतींनी उत्तराखंड विनियोजन (लेखानुदान) अध्यादेश काढला. देहरादूनच्या शिक्षकाचे एप्रिलचे वेतन अशा रीतीने दिल्लीतील एका अध्यादेशावर येऊन ठेपले. २१ एप्रिल रोजी उच्च न्यायालयाने राष्ट्रपती राजवट रद्द केली, दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि पुढे आपल्या देखरेखीखाली १० मे रोजी विश्वासदर्शक मतदान घेतले. रावत यांना ३३ आणि विरोधात २८ मते मिळाली. नऊ अपात्र सदस्यांना मतदान करता आले नाही. ते मतदान करते तर आकडे उलटू शकले असते, हे साधी बेरीज सांगते.

येथे पक्षांतरबंदीचा संबंध येतो. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. त्यात एक तृतीयांश सदस्यांच्या 'फुटी'ला संरक्षण होते. २००३ च्या एक्क्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने ते काढून टाकले. त्यामुळे आज आमदाराने अर्थसंकल्पावर पक्षादेशाविरुद्ध मत दिले तर त्याचे सदस्यत्व जाऊ शकते. फेब्रुवारी २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशात काँग्रेसच्या सहा आमदारांना अपात्र ठरवण्यात आले ते राज्यसभा निवडणुकीतील मतदानासाठी नव्हे, तर अर्थसंकल्पाच्या वेळचा पक्षादेश डावलल्याबद्दल. याचा एक दुष्परिणाम फारसा बोलला जात नाही. आपल्या जिल्ह्याला निधी कमी मिळाला, एखाद्या खात्याची तरतूद फुगवली, असे वाटणाऱ्या सत्ताधारी सदस्याला ते मताने सांगण्याची वाट उरलेली नाही. मग नाराजी साचत जाते आणि एकदम बंडाच्या रूपाने बाहेर येते. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रात शिवसेनेतील बंडखोर आमदारांनी निधीवाटपातील अन्यायाची तक्रार जाहीरपणे मांडली. त्या वर्षीचा अर्थसंकल्प तत्पूर्वीच मार्चमध्ये संमत झाला होता.

'आपल्याकडे कार्यालये बंद पडत नाहीत' या समाधानात एक फसवणूकही आहे. लेखानुदानावर वेतन निघते, परंतु नवी योजना सुरू करता येत नाही आणि धोरण बदलता येत नाही. १९९१ हे त्याचे सर्वांत महाग उदाहरण. जनता दलातील फुटीतून आलेले चंद्रशेखर यांचे सरकार काँग्रेसच्या पाठिंब्यावर उभे होते. परकीय चलनाची गंगाजळी आटत असताना पूर्ण अर्थसंकल्प मांडण्याइतके राजकीय बळ त्यांच्यापाशी नव्हते. ४ मार्चला अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांनी अंतरिम अर्थसंकल्प मांडला, ६ मार्चला पंतप्रधानांनी राजीनामा दिला, लेखानुदान संमत झाले आणि लोकसभा विसर्जित झाली. पूर्ण अर्थसंकल्प आला तो २४ जुलैला, डॉ. मनमोहनसिंग यांच्याकडून. या साडेचार महिन्यांत देशातील एकही सरकारी कार्यालय पैशाअभावी बंद पडले नाही. मात्र मे महिन्यात जप्त सोन्यापैकी २० टन सोने भारतीय स्टेट बँकेमार्फत परदेशी पाठवावे लागले आणि जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने गहाण पडले.

१९९९ मध्ये वेगळे घडले. १७ एप्रिल रोजी अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार एका मताने पडले तेव्हा अर्थसंकल्पाची संमती बाकी होती. ज्या पक्षांनी सरकार पाडले होते, त्यांनीच काही दिवसांत चर्चेविना वित्तीय कामकाज पुरे होऊ दिले आणि २६ एप्रिलला लोकसभा विसर्जित झाली. राज्यघटनेतील कोणत्याही अनुच्छेदाने त्यांच्यावर ही सक्ती केली नव्हती. कोट्यवधी रुपयांच्या मागण्यांवर एकही प्रश्न विचारला गेला नाही, ही त्या समजूतदारपणाची दुसरी बाजू; आणि तसे पाहिले तर बहुमतातील सरकारांच्या काळातही दर वर्षी अनेक खात्यांच्या मागण्या गिलोटिनखाली चर्चेविना संमत होतातच.