पाळण्यातला कुटुंबप्रमुख



घरातला कर्ता पुरुष अकाली गेला आहे. मागे राहिली आहेत त्याची वृद्ध आई, पत्नी, दोन मुली आणि पाळण्यातला एक मुलगा. आता या घराचा प्रमुख कोण? कोणीही शहाणा माणूस आजीचे किंवा आईचे नाव घेईल. दक्षिण कोरियाचे सरकारी दप्तर मात्र ३१ डिसेंबर २००७पर्यंत या प्रश्नाचे उत्तर वेगळे देत असे. प्रमुख म्हणजे तो पाळण्यातला मुलगा. आजी, आई आणि बहिणी या त्याच्या नावाखाली नोंदलेल्या कुटुंबीय. मुलगाच नसेल तर अविवाहित मुलगी, त्यानंतर पत्नी, त्यानंतर आई, असा तो क्रम होता. म्हणजे ज्या आईने घर सांभाळायचे, तिचा नंबर लेकीनंतर!

या पद्धतीला कोरियात 'होजू' म्हणत. होजू म्हणजे घराचा धनी. मुलगी जन्मली की बापाच्या नोंदवहीत, लग्न झाले की नवऱ्याच्या नोंदवहीत आणि नवरा गेला की मुलाच्या नोंदवहीत. आपल्याकडील एका प्रसिद्ध स्मृतिवचनाची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. कन्फ्यूशियसच्या परंपरेतही स्त्रीने पिता, पती आणि पुत्र या तिघांच्या आज्ञेत राहावे, असा दंडक होता. पण कोरियात तो केवळ ग्रंथात राहिला नाही, तो तलाठ्याच्या दप्तरासारख्या रोजच्या कागदांत उतरला. घटस्फोट झालेली स्त्री मुलाला पोटाशी धरून वाढवत असली, तरी मुलाचे नाव बापाच्या वहीत राही. आणि आईच्या रहिवासाच्या दाखल्यावर त्या पोटच्या पोराचे नाते लिहिले जाई 'सहनिवासी'. शाळेत प्रवेश घेताना हा कागद द्यावा लागे. आईने पुनर्विवाह केला तर मुलाचे आडनाव पहिल्या बापाचे, घरातल्या माणसाचे वेगळे. वर्गातल्या पोरांना तेवढे पुरे असते.

ही पद्धत रद्द करावी अशी मागणी झाली तेव्हा कन्फ्यूशियन पंडित मंडळी पांढरे अंगरखे आणि उंच काळ्या टोप्या घालून रस्त्यावर उतरली. होजू गेली तर घर मोडेल, कुळ बुडेल, हजारो वर्षांची परंपरा नष्ट होईल, असे त्यांचे म्हणणे होते. या म्हणण्याची टवाळी करण्याचे कारण नाही. घर मोडू नये असे वाटण्यात गैर काय? प्रश्न वेगळाच आहे. ज्या परंपरेचे रक्षण करायला ही मंडळी निघाली होती, ती परंपरा खरोखर किती जुनी होती?

होजूची चौकट कोरियावर बसवली ती जपानी राजवटीने, म्हणजे १९१० ते १९४५ या काळात. मेइजी जपानने आपल्या घरासाठी केलेला नमुना वसाहतीला लावला. पुढे देश स्वतंत्र झाला, जपानविरोधाची लाट आली, पण १९५८मध्ये संमत होऊन १९६०पासून लागू झालेल्या नागरी कायद्यात हा नमुना तसाच राहिला. स्वतः जपानने तो दुसऱ्या महायुद्धानंतर टाकून दिला होता. परक्याने लादलेली वस्तू दोन पिढ्यांत वडिलोपार्जित कशी होऊन बसते, याचा याहून बोलका नमुना मिळणे कठीण.

त्याहीमागे गेले तर चित्र आणखी बदलते. कोर्यो राजवटीत आणि चोसोन राजवटीच्या पहिल्या दोन शतकांत कोरियन नवरदेव लग्नानंतर सासुरवाडीला राहायला जात असे. मुले पुष्कळदा आजोळीच वाढत. पुरुषाच्या लग्नाला कोरियन भाषेत आजही जो शब्दप्रयोग आहे त्याचा मूळ अर्थ 'सासऱ्याच्या घरी जाणे' असाच होतो. बोलणाऱ्याच्या हे ध्यानीही नसते. १४८५च्या राज्यसंहितेत आई-बापांच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा होता. पितरांचे विधी भावंडे पाळीपाळीने करीत, त्यांत मुलींचीही पाळी असे. आंदोंगच्या क्वोन घराण्याची १४७६मधील वंशावळ आज उपलब्ध आहे. तीत मुलगे आधी आणि मुली नंतर असा भेद नाही. जन्माच्या क्रमाने नावे आहेत आणि मुलीची संततीही नोंदलेली आहे.

मग हे बदलले कधी? १५९२ ते १५९८ची जपानी स्वारी आणि पाठोपाठ १६२७ व १६३६च्या मांचू स्वाऱ्या यांनी देश होरपळून निघाला. विस्कटलेला समाज सावरण्यासाठी राज्यकर्त्या वर्गाने कन्फ्यूशियन कुलधर्म अधिक कडक केला. सतराव्या शतकापासून पितरांचा विधी थोरल्या मुलाकडे गेला आणि त्याच्यापाठोपाठ जमीनही गेली. जमीन वाटून वाटून तुकडे होत होते, हेही एक रोखठोक कारण होतेच. मुलीचा वाटा आटत गेला. तेव्हा ज्याला सनातन म्हटले जात होते ते फार तर साडेतीन शतकांचे होते, आणि त्याचा कायदेशीर सांगाडा तर शंभर वर्षांचाही नव्हता.

शिन साइमदांग ही त्या आधीच्या जगातली स्त्री. जन्म १५०४, मृत्यू १५५१. चित्रकार, कवयित्री. लग्नानंतरही ती बराच काळ गांगनुंग येथे माहेरीच राहिली आणि तिचा मुलगा, म्हणजे युलगोक या नावाने विख्यात झालेला तत्त्वज्ञ यी इ, १५३६मध्ये तिच्या माहेरच्या घरातच जन्मला. २००९मध्ये पन्नास हजार वोनची नवी नोट निघाली आणि तिच्यावर साइमदांगचे चित्र आले. यी इ पाच हजारांच्या नोटेवर आधीपासून आहेच. आईची किंमत मुलाच्या दहापट, असा विनोद येथे कोणालाही सुचेल. पण कोरियातील स्त्री-संघटनांनी या निवडीला विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, साइमदांगला चित्रकार म्हणून नव्हे, तर थोर पुत्राची आई आणि आदर्श पत्नी म्हणून पुढे केले जात आहे. 'सुज्ञ माता, सुशील पत्नी' हे कोरियन शाळांतून शिकवले गेलेले ब्रीदही मुळात मेइजी जपानमध्ये घडलेले. साइमदांगला स्वतःला ते ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.

आता पश्चिमेकडे वळू. पूर्वेकडे दास्य आणि पश्चिमेकडे समता, अशी वाटणी आपल्याकडचे सुशिक्षित सहज करून टाकतात. काहीजण उलट वाटणी करतात : पूर्वेकडे स्त्रीचा सन्मान आणि पश्चिमेकडे स्वैराचार. दोन्हींना तारखांचा आधार मिळत नाही.

इंग्लंडमध्ये विवाह होताच पत्नीचे कायदेशीर अस्तित्व पतीत विलीन होई. तिची कमाई त्याची, तिच्या जंगम वस्तू त्याच्या. स्त्रीधन ही कल्पना आपल्या धर्मशास्त्रांत पूर्वापार आहे. इंग्रज पत्नीला स्वतंत्र मालमत्तेचा पुरता हक्क मिळण्यासाठी १८८२ साल उजाडावे लागले. फ्रान्सने जगाला समतेची घोषणा दिली, पण ती स्त्रियांनाही लागू करा असे १७९१मध्ये लिहून मागणाऱ्या ऑलिम्प द गूज या लेखिकेचा दोन वर्षांनी गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. तिच्यावरील आरोप राजकीय होता हे खरे, पण तिची मागणीही तिच्याबरोबरच मागे पडली. नेपोलियनच्या १८०४च्या संहितेने पत्नीवर पतीच्या आज्ञापालनाचे बंधन घातले. पतीच्या संमतीवाचून नोकरी धरण्याचा आणि स्वतःच्या नावे बँकेत खाते उघडण्याचा हक्क फ्रेंच विवाहितेला मिळाला तो १९६५मध्ये. पश्चिम जर्मनीत घरकाम ही पत्नीची जबाबदारी आहे आणि ती पार पाडूनच तिने नोकरी करावी, हे कलम १९७७पर्यंत कायद्यात होते. स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मताधिकार मिळाला १९७१मध्ये. कोरियन स्त्री १९४८पासून मतदान करीत होती! आणि आपेनझेल इनरऱ्होडेन या स्विस प्रांतातील पुरुषांनी तर स्थानिक मतदानाचा हक्क स्त्रियांना द्यायचे नाकारले. १९९०मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तो द्यायला लावावा लागला.

आडनावाची गोष्ट तर अधिकच गमतीची आहे. कोरियन स्त्री लग्नानंतर आडनाव बदलत नाही, कधीच बदलत नव्हती. पाश्चात्त्य स्त्री श्रीमती अमुक-तमुक होई, तेव्हा कोरियन पत्नी माहेरच्याच आडनावाने ओळखली जात होती. याला समता म्हणावे काय? म्हणावे तर घोटाळा होईल. तिने नाव राखले, कारण ती नवऱ्याच्या रक्ताची नव्हती. कुळात ती बाहेरचीच होती. एकच बाह्य खूण एका समाजात स्वातंत्र्याची आणि दुसऱ्यात परकेपणाची असू शकते. आपल्याकडे लग्नात नवरीचे पाळण्यातले नावसुद्धा तांदळात नवे लिहून बदलण्याची चाल होती, तेव्हा या विषयावर इतरांना हसण्याआधी थोडे थांबलेले बरे.

होजू गेली कशी, हे सांगताना एका स्त्रीचे नाव घ्यावेच लागेल. ली ते-यंग. जपानी राजवटीत पती तुरुंगात असताना रजया शिवून आणि विकून तिने संसार चालवला. स्वातंत्र्यानंतर, मुलांची आई झाल्यावर, ती सोल विद्यापीठात कायदा शिकायला गेली आणि १९५२मध्ये वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाली. देशातील पहिली स्त्री वकील. पती विरोधी पक्षात असल्यामुळे न्यायाधीशपद नाकारले गेले. मग १९५६मध्ये तिने गरीब स्त्रियांसाठी कौटुंबिक कायदा सल्ला केंद्र काढले. नवऱ्याने टाकलेल्या, सासरने हाकललेल्या, मुलांना मुकलेल्या बायका तेथे येत. या रांगेतूनच तिला कायद्यातील एकेक भोक दिसत गेले. १९७७मध्ये थोडी, १९८९मध्ये बरीच अशी सुधारणा पदरात पडली. लोकशाहीवादी पत्रकावर सही केली म्हणून मध्यंतरी तिची सनदही गेली होती. १९७५मध्ये तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९८मध्ये ती गेली. ३ फेब्रुवारी २००५ रोजी घटना न्यायालयाने होजू पद्धती घटनेशी विसंगत ठरवली आणि त्यानंतर महिन्याभरात संसदेने ती रद्द केली, हे पाहायला ती नव्हती.

कायदा बदलला. घर मोडले काय? होजूमुळे मोडले नाही, पण कोरियन घर आज वेगळ्याच कारणाने रिकामे होत आहे. १९६०च्या सुमारास तेथील स्त्रीला सरासरी सहा मुले होत. २०२३मध्ये हा आकडा ०.७२ झाला, २०२४मध्ये किंचित वर, ०.७५. कोणत्याही मोठ्या देशात असे घडलेले नाही. स्त्रियांना दोष देणारे पुष्कळ आहेत. पण त्या स्त्रीचा दिवस पाहावा. विद्यापीठात ती मुलांच्या बरोबरीने, नव्हे पुढे. नोकरीत शिरली की पगारात पुरुषांशी सुमारे तीस टक्क्यांची तफावत; विकसित देशांच्या गटात ही तफावत सर्वांत मोठी. मूल झाले की नोकरी सुटते, परतली तर खालच्या जागेवर. बापालाही वर्षभर सवेतन रजा मिळावी असा उदार कायदा आहे, पण ती घेणारा बाप कार्यालयात टिकेल काय, या धास्तीने ती फारसे कोणी घेत नसे. अलीकडे हे प्रमाण वाढते आहे. स्वीडनने हे पूर्वीच ओळखले होते. १९७४मध्ये बापाला रजा दिली, बाप घेईनात. तेव्हा १९९५मध्ये एक महिना असा राखून ठेवला की बापाने घेतला नाही तर तो बुडेल. मग बाप घेऊ लागले. अमेरिकेत मात्र आजही सवेतन प्रसूतिरजेचा राष्ट्रीय कायदा नाही, हे तिकडच्या समतेचे गोडवे गाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

कोरियन तरुणांचीही एक तक्रार आहे आणि ती पोकळ नाही. ऐन विशीत दीड वर्ष सक्तीची लष्करी सेवा त्यांनाच करावी लागते. सेवा केलेल्यांना सरकारी नोकरीच्या परीक्षेत मिळणारे वाढीव गुण घटना न्यायालयाने १९९९मध्ये रद्द केले. तेव्हाची ठिणगी विझलेली नाही. २०२२मध्ये यून सोक-योल हे स्त्री-समता मंत्रालय बंद करण्याचे आश्वासन देऊन अध्यक्षपदी निवडून आले. मंत्रालय राहिले, २०२५मध्ये अध्यक्षच पदच्युत झाले. पण एकाच घरातील भाऊ आणि बहीण दोन टोकांना मत देतात, ही वस्तुस्थिती शिल्लक आहे.

एक गोष्ट मात्र कोरियाने करून दाखवली. १९९०मध्ये तेथे शंभर मुलींमागे ११६ मुलगे जन्मत होते. ते 'पांढऱ्या घोड्याचे' वर्ष, त्या वर्षीची मुलगी अवलक्षणी असा समज, आणि हाताशी सोनोग्राफी. १९९३मध्ये तर तिसऱ्या अपत्यांत मुलींच्या जवळजवळ दुप्पट मुलगे होते. २००७च्या सुमारास हे प्रमाण पुन्हा नैसर्गिक पातळीवर आले. गर्भलिंग सांगण्यावर १९८७पासून बंदी होती. पण नुसत्या बंदीने हे झाले नाही. मुलगी शिकली, कमावती झाली, आई-बापांना सांभाळू लागली आणि मुलाशिवाय कुळ बुडते हा कायद्याचा आधारच निघून गेला. गर्भलिंग-निदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८मध्ये करणाऱ्या महाराष्ट्रात २००१मध्ये सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या आणि २०११मध्ये ८९४. हे दोन आलेख शेजारी ठेवून पाहावेत.

राहता राहिले स्वयंपाकघर. छुसोक हा शरदातील पितरांचा सण. नवऱ्याच्या पितरांसाठी सुना दोन-दोन दिवस तेलाच्या कढईसमोर बसत आणि पुरुष विधीला उभे राहत. जिच्या हातचे ते अन्न, ती त्या पितरांच्या रक्ताची नव्हे. आणि स्वतःच्या माहेरच्या पितरांसाठी ती त्या दिवशी नसे. सणानंतर कोरियात बायकांच्या पाठदुखीला आणि घरोघरच्या भांडणांना 'सणाचा आजार' असेच नाव पडले आहे. सप्टेंबर २०२२मध्ये सोंगग्युनग्वान या कन्फ्यूशियन परंपरेच्या मुख्य पीठानेच जाहीर केले की, पितरांच्या पानावर तळलेले पदार्थ असलेच पाहिजेत असे शास्त्र सांगत नाही. पोथीत ते कधी नव्हतेच!

आणि मे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला निकाली निघाला. एक गृहस्थ वारले. त्यांना पत्नीपासून मुली होत्या आणि विवाहबाह्य संबंधातून एक मुलगा. मुलाच्या आईने अस्थी एका स्मृतिस्थळी ठेवल्या. पत्नी आणि मुली त्या मागत होत्या. खालच्या न्यायालयांनी २००८च्या निवाड्यानुसार मुलाचा अधिकार मान्य केला, कारण तो मुलगा. सर्वोच्च न्यायालयाने तो जुना निवाडा बाजूला सारला. भावंडांत एकमत होत नसेल आणि विशेष अडचण नसेल, तर पितरांचा विधी चालवण्याचा मान वयाने थोरल्या अपत्याचा. ते अपत्य मुलगा असो वा मुलगी.