मुरगळ म्हणून सोडून दिलेली टाच

टाचेच्या हाडापासून वर पोटरीत शिरणारी जाड कंडरा म्हणजे अकिलिस टेंडन. लांबी साधारण १५ सेंटिमीटर. पोटरीचे दोन मोठे स्नायू तिच्यामार्फत टाच वर ओढतात आणि पाऊल पुढे रेटले जाते. धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. शरीरातली ही सर्वांत दणकट कंडरा खरी, पण टाचेच्या हाडाच्या वर २ ते ६ सेंटिमीटरच्या पट्ट्यात तिला रक्त कमी मिळते आणि बहुतेक वेळा ती तिथेच तुटते.

अजिंठ्याच्या लेण्यांची वाट या कंडरेला भरपूर काम देते. वाघूर नदीच्या नालाकृती वळणावरच्या कड्यात लेणी कोरलेली असल्याने तिथे पायऱ्या चढूनच जावे लागते. चढताना पोटरी आकसून अंग वर उचलते. उतरताना ती ताणली जात असतानाच वजन पेलते. हा दुसरा प्रकार कंडरेला अधिक जड जातो. डोलीवाल्यांच्या खांद्यावर तर स्वतःच्या वजनाखेरीज पर्यटकाचाही भार असतो. तरीही रोज राबणारा पाय सहसा टिकतो. तुटते ती जास्त करून तिशी ते पन्नाशीच्या पुरुषांची, वर्षभर बसून काम केल्यावर अचानक कबड्डीच्या मैदानात उतरलेल्यांची किंवा मिरवणुकीत उड्या मारणाऱ्यांची. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली प्रतिजैविके आणि स्टिरॉइड यांनीही कंडरा कमकुवत होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली या प्रतिजैविकांवर तसा ठळक इशारा छापायला लावला.

तुटताना मागून कुणी लाथ मारल्यासारखे वाटते, कधी ‘फट्’ असा आवाजही येतो. एवढे स्पष्ट लक्षण असूनही सुमारे पाचव्या हिश्श्याच्या रुग्णांत पहिल्या तपासणीत निदान चुकते. कारणे साधी आहेत. रुग्ण स्वतःच ‘पाय मुरगळला’ असे सांगत येतो. एक्स-रेमध्ये हाड शाबूत दिसते, कंडरा त्यात नीट दिसतच नाही. सुजेमुळे तुटलेल्या जागेचा खळगा बोटाला लागत नाही. सर्वांत फसवी गोष्ट अशी की पाऊल खाली दाबता येते, कारण बोटे वाकवणारे आणि घोट्यामागून जाणारे इतर स्नायू ते काम थोडेफार निभावून नेतात. रुग्ण लंगडत का होईना, चालत आला, म्हणजे कंडरा धड आहे, हा निष्कर्ष इथे कोसळतो. पुढे क्रेप बँडेज, गोळ्या, हळदीचा लेप. दुखणे काही दिवसांत ओसरते आणि निदान बरोबर होते असा सगळ्यांचाच समज होतो.

खरे तर तपासणीला मिनिटही लागत नाही. रुग्णाला पालथे झोपवून पाऊल खाटेच्या कडेबाहेर ठेवायचे आणि पोटरी दाबायची. कंडरा सलग असेल तर पाऊल खाली झुकते. पूर्ण तुटली असेल तर जागचे हलत नाही. इंग्लंडमध्ये सिमंड्स यांनी १९५७ साली आणि अमेरिकेत थॉम्पसन यांनी १९६२ साली ही चाचणी मांडली. शंका उरली तर सोनोग्राफी पुरते. पालथे झोपवण्याचा कंटाळा हेच चुकीचे मोठे कारण असावे. उलट दिशेनेही फसगत होते: पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी पाय सुजतो आणि दुखतो, तिथे उपचार अगदी वेगळे.

ताजी तुटलेली कंडरा शस्त्रक्रियेविनाही जुळते. पाऊल खाली झुकलेल्या स्थितीत बांधले की दोन्ही टोके जवळ राहतात. नॉर्वेतल्या पाचशेहून अधिक रुग्णांच्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षाअखेरीस पायाचे काम शस्त्रक्रिया झालेल्या आणि न झालेल्या रुग्णांत सारखेच आढळले. पुन्हा तुटण्याचे प्रमाण मात्र शस्त्रक्रियेविना ६.२ टक्के, तर शस्त्रक्रियेनंतर ०.६ टक्के होते. चार-सहा आठवडे निदानाविना गेले की ही निवड बहुधा हातची जाते. पोटरी वर आखडते, मधली फट व्रणाच्या ऊतीने भरते आणि कंडरा लांब होऊन सैल पडते. मुरगळ समजून केलेले मालिश आणि ताण देण्याचे व्यायाम हा सैलपणा वाढवतात. असा रुग्ण सपाटीवर चालतो, पण त्या एका पायावर उभे राहून टाच उचलू शकत नाही. जिना चढताना तो पाय मागे पडतो.

मग उपाय बहुधा शस्त्रक्रियेचाच. फट लहान असेल तर टोके जोडता येतात. मोठी असेल तर वरची कंडरा उलट्या ‘व्ही’ आकारात कापून खाली सरकवतात किंवा अंगठा वाकवणाऱ्या स्नायूची कंडरा टाचेच्या हाडात बसवतात. मधुमेह किंवा तंबाखूचे व्यसन असेल तर जखम भरण्याची काळजी वेगळी, कारण टाचेमागची कातडी पातळ असते.

त्यानंतरचे सहा ते आठ आठवडे पाऊल प्लास्टरमध्ये किंवा टाचेखाली पाचर असलेल्या बुटात राहते आणि पाचरी एकेक करून काढतात. या काळात आपल्याकडची राहणी आड येते. उकिडवे बसताना घोटा पूर्ण वाकतो आणि नवी जोड ताणली जाते, म्हणून कमोडची खुर्ची हवी आणि चुलीपुढे किंवा शेतात उकिडवे बसणे बंद. सपाट चपलेपेक्षा किंचित उंच टाचेचे बूट बरे. बळ वाढवण्याचे काम नंतरचे: आधी दोन्ही पायांवर टाचा उचलणे, मग एका पायावर. धावणे साधारण चार ते सहा महिन्यांनी, खेळ नऊ ते बारा महिन्यांनी. उशिरा निदान झालेल्यांना याहूनही वेळ लागतो. पोटरी पुष्कळदा कायमची थोडी बारीक राहते. ओझे घेऊन पायऱ्या उतरण्याची परवानगी सर्वांत शेवटी, दुखऱ्या पायाची टाच दुसऱ्या पायाइतकीच उंच आणि तितक्याच वेळा उचलली जाऊ लागल्यावर द्यावी.