जुना मोठा चेनसॉ घेण्यापूर्वी



आज झाडे कापण्याच्या पेट्रोल यंत्राविषयी, म्हणजे चेनसॉविषयी बोलायचे आहे. आपल्याकडे त्याला सरसकट ‘कटर’ म्हणतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आणि मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळात कोकणातल्या बागा आडव्या झाल्या, तेव्हा कुऱ्हाड आणि हातकरवत किती अपुरी पडते ते सर्वांनी पाहिले. आपल्या घरी एखादे यंत्र असावे, असे वाटणे साहजिक आहे. नवे मोठे यंत्र महाग पडते, म्हणून नजर जाते जुन्याकडे. विकणारा म्हणतो, “जुनं दणकट काम आहे, शंभर सीसीचं इंजिन आहे, निम्म्या किमतीत घेऊन जा.” अशा वेळी काय करावे?

पहिली गोष्ट, यंत्र पाहायला जाण्याआधी आपले काम मोजा. वर्षाकाठी किती लाकूड कापायचे आणि ते किती जाडीचे, याचा हिशोब करा. फांद्या, सरपण, कुंपणाचे खांब, पडलेला माड, या कामाला ५० सीसीच्या आसपासचे यंत्र आणि १८ इंची पट्टी पुरते. आडवा पडलेला ओंडका दोन्ही बाजूंनी कापत गेले, तर याच पट्टीने ३० इंचांपर्यंतचे खोडही तुटते. मोठे यंत्र खरे लागते ते जुन्या आंब्या-फणसाच्या बुंध्याला. तसे बुंधे तुमच्याकडे किती निघतात?

शिवाय वजनाचा विचार करा. १०० सीसीचे जुने यंत्र पट्टी, साखळी, पेट्रोल आणि तेल धरून १२-१३ किलो भरते. उतारावरच्या बागेत दिवसभर ते पेलणे सोपे नाही. दमलेला हात चुकतो. जुन्या यंत्रांत हादरे शोषणारे रबर झिजलेले असते किंवा मुळातच नसते. असे हादरे वर्षानुवर्षे बसले, तर बोटे बधिर आणि पांढरी पडण्याचा विकार जडतो.

दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. यंत्राला चेनब्रेक आहे का ते पाहा. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला, की यंत्र उसळून चालवणाऱ्याच्या तोंडावर येते. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच हे घडते. त्या क्षणी साखळी थांबवण्यासाठी पुढच्या मुठीसमोर एक कवच असते. ते पुढे ढकलले, की ब्रेक लागतो. ही सोय १९७० च्या दशकात यंत्रांवर येऊ लागली. त्यामुळे जुन्या बनावटीच्या कित्येक मोठ्या यंत्रांना ती नाही. काहींची मोडली म्हणून मालकाने काढून टाकलेली असते. ब्रेक नसेल किंवा चालत नसेल, तर किंमत विचारूच नका, परत फिरा. इंजिन कितीही चांगले असले तरी हा नियम मोडू नका.

ब्रेक आहे, काम आहे, तर मग यंत्र तपासा. मालकाला आधीच सांगून ठेवा, “आम्ही येईपर्यंत चालू करू नका.” गेल्यावर सायलेन्सरला हात लावून पाहा. तो गरम असेल तर समजावे, की यंत्र थंडपणी सहज चालू होत नाही.

यंत्र थंड असतानाच सायलेन्सर काढायला सांगा. दोन-तीन नट काढले की आतला पिस्टन दिसतो. त्याच्यावर उभे ओरखडे असतील, तर तेल कमी पडून तो घासला आहे. इंजिन खोलावे लागेल. मग सायलेन्सर बसवून दोरी हळू ओढा. दर फेऱ्याला हाताला अडकल्यासारखे लागले पाहिजे. मेकॅनिककडे गेज असेल तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. दर चौरस इंचाला १२० पौंडांच्या खाली आकडा आला तर संशय घ्यावा.

मालकाला एक साधा प्रश्न विचारा, “लिटरला तेल किती घालत होता?” हे टू-स्ट्रोक इंजिन आहे, तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. लिटरला २० मिलिलिटर की ४० मिलिलिटर, हे यंत्र आणि तेल पाहून ठरते. जो माणूस “अंदाजानं टाकतो” म्हणतो, त्याचा पिस्टन दोनदा पाहावा.

आता यंत्र चालू करा. मंद गतीवर साखळी फिरता कामा नये. वेग वाढवून पट्टीचे टोक कोरड्या फळीसमोर धरा. फळीवर तेलाची रेघ उठली पाहिजे. नाही उठली, तर साखळीला तेल पोचत नाही आणि पट्टी जळेल. मग ब्रेक लावून पाहा, साखळी तत्काळ थांबली पाहिजे. शेवटी एक ओंडका कापून घ्या. इंजिन गरम झाल्यावर बंद करून पुन्हा चालू करा. गरमपणी चालू न होणारे यंत्र रानात रडवते.

आणखी एक गोष्ट आजच्या काळाची आहे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या यंत्रातल्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे पडदे त्याने फुगतात, कडक होतात. ते बदलण्याचा खर्च धरा आणि काम संपल्यावर टाकीत पेट्रोल ठेवू नका. त्या यंत्राची साखळी, रिंगा, पडदे तालुक्याच्या गावी मिळतात का, हे पैसे देण्याआधी दुकानात जाऊन विचारा. सुटा भाग मिळत नसेल तर यंत्र म्हणजे भंगार.

आता हिशोब. आकडे उदाहरणापुरते आहेत. समजा, मालक १५ हजार सांगतो. पट्टी-साखळीला ५ हजार, नळ्या, पडदे आणि मजुरीला ३ हजार. झाले २३ हजार. तुमचे जाड लाकडाचे काम वर्षाला तीन दिवसांचे आणि कटरवाला माणूस यंत्रासह दिवसाला २ हजार घेत असेल, तर वर्षाचे ६ हजार झाले. म्हणजे जवळजवळ चार वर्षांची मजुरी तुम्ही आधीच मोजली. त्यात जाळीचे हेल्मेट, कानावरची झाकणे, बूट आणि पायाचे संरक्षक कपडे धरलेले नाहीत, आणि त्यांच्याशिवाय यंत्राला हात लावू नये. चार-पाच बागायतदार मिळून घेणार असाल आणि चालवणारा एकच शिकलेला माणूस असेल, तर मात्र हा व्यवहार पटण्यासारखा आहे.

यंत्र घरी आले म्हणून झाड तोडायची मोकळीक मिळत नाही. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली आंबा, फणस, साग, चिंच, जांभूळ, ऐन अशी झाडे स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगी लागते.

थोडक्यात, काम थोडे असेल तर भाड्याने घ्या. नेहमीचे असेल तर मध्यम यंत्र घ्या. जाड बुंधे खरोखरच पुष्कळ असतील, ब्रेक चालू असेल, पिस्टन स्वच्छ असेल आणि सुटे भाग जवळ मिळत असतील, तरच जुने मोठे यंत्र घ्या. यांतले एक जरी नसेल, तरी पैसे खिशातच राहू द्या.