दिव्याची वायर काढण्याआधी

विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने मोठ्या हौसेने एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली. दोन दारांची, बसकी. मे महिन्यात तिच्यातून आम्ही लातूरला कविसंमेलनाला निघालो. विद्यापीठ मागे पडले आणि समोर कूलंटचा लाल दिवा लागला.

भाचा म्हणाला, ‘‘मामू, तापमानाचा काटा तर मधोमध आहे. दिव्याचा सेन्सर बिघडलाय. परवा मेकॅनिक म्हणाला, वायरच काढून टाकू.’’

मी कवितेचा माणूस. यंत्रातले मला कळत नाही. पण तो दिवा कुणी शोभेसाठी बसवला नसणार, एवढे कळते. मी गाडी थांबवायला लावली.

रस्त्याकडेच्या गॅरेजमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी आधी चहा मागवला. ‘‘इंजिन निवू द्या. गरम असताना झाकण उघडाल तर वाफ तोंडावर येईल.’’ बंद झाकणाखाली दाब असतो, म्हणून आतले पाणी १०० अंशांपुढेही उकळत नाही. दाब सुटला की ते एकदम उसळते.

तासाभराने पाहिले, तर टाकीतली पातळी खालच्या खुणेच्याही खाली! एका रबरी नळीला बारीक चीर होती, भोवती वाळलेला पांढरट डाग.

मग काटा मधोमध कसा? मिस्त्री म्हणाले, ‘‘दिवा पातळी बघतो, काटा गरमी. पण काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरे सांगतो. पाणी उतरून तो उघडा पडला की फसवतो.’’

पातळी बरोबर असूनही दिवा लागला, तर मग सेन्सरवर संशय घ्यावा. त्याची जोडणी गंजली आहे का, ते पाहावे. बाहेर गळती नसतानाही पातळी उतरत असेल, धुराड्यातून पांढरा धूर येत असेल किंवा ऑईल दुधाळ झाले असेल, तर हेड गॅस्केट गेल्याची शंका. मग गाडी चालवूच नये.

आणखी एक. आपल्याकडे बोअरचे पाणी जड. ते रेडिएटरमध्ये ओतत राहिले की आत क्षार साचतात. डिस्टिल्ड वॉटर आणि योग्य कूलंटच घालावे.

नळी बदलेपर्यंत संध्याकाळ झाली. भाचा अजून चिडवतो, ‘‘मामू, तुमची कविता राहिली.’’

मी म्हणतो, ‘‘राहू दे बाबा. इंजिन तर राहिले!’’