काठी, छत्री आणि तिसरा हात

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानांचे विषय ठरले तेव्हा मराठी रंगभूमी, मराठी भाषेचे भवितव्य, दिल्लीच्या राजकारणातील महाराष्ट्र असे भारदस्त विषय मान्यवर वक्त्यांकडे अगोदरच गेले होते. माझ्या वाट्याला आजचा मेळावा आला आणि विषय निवडण्याची मोकळीक मिळाली. जिची छत्री होते अशी काठी, किंवा जिची काठी होते अशी छत्री, हा विषय मी कळवला. आपले चिटणीस क्षणभर थबकले आणि "काही तरी गमतीदार दिसतंय" असे म्हणाले. विषय गमतीदार आहेच. पण केवळ गमतीसाठी मी तो घेतलेला नाही.

काठी आणि छत्री यांची जोडी आपल्याकडे फार जुनी आहे. बळीच्या यज्ञमंडपात आलेला वामन छत्र, दंड आणि कमंडलू घेऊन आला. गुरुगृही विद्या संपवून निघालेल्या स्नातकाला गृह्यसूत्रांनी ज्या वस्तू सांगितल्या, त्यांत छत्र, पादत्राण आणि वेळूचा दंड आहेत. आपल्या घरांतील सोडमुंजीत याचीच आठवण उरली आहे. नवी वस्त्रे, पायांत वहाणा, हातात काठी आणि डोक्यावर छत्री अशा थाटात बटू काशीला निघतो. मामा त्याला चार पावलांवर अडवतो, मुलगी देण्याचे कबूल करतो आणि परत आणतो. आपण सर्व जण त्याच बटूचे भाईबंद. फरक इतकाच, की आपल्याला वेशीवर अडवणारा मामा भेटला नाही, म्हणून कोणी करोल बागेत, कोणी पहाडगंजात, कोणी रामकृष्णपुरम्‌च्या सरकारी घरांत आणि आता मुलेबाळे नोएडा-गुरुग्रामच्या विसाव्या मजल्यावर येऊन राहिलो.

पुढे या दोन्ही वस्तू दरबारात मोठ्या मानाच्या झाल्या. शिवराय 6 जून 1674 रोजी छत्रपती झाले, या एका शब्दात छत्राची थोरवी येऊन जाते. आषाढी वारीत ज्ञानोबांच्या पालखीसोहळ्यात अब्दागिरी असते आणि चोपदाराचा दंडही असतो. समाजआरतीच्या वेळी तो दंड उंचावला की हजारोंचा समुदाय निःशब्द होतो. (आपल्या सर्वसाधारण सभेसाठी असा एखादा चोपदार मिळाला तर पाहावे, अशी माझी एक दुय्यम सूचना आहे.) मराठी माणसाने काठीच्या पोटात आणखी एक वस्तू दडवली, ती म्हणजे गुप्ती. 1959च्या शस्त्रअधिनियमाखालील नियमांत तलवारींच्या यादीत अशा काठीचा उल्लेख आहे. काठीतून पाते निघाले तर गाठ कायद्याशी आणि छत्री निघाली तर कोणाचीच हरकत नाही, हे सरकारी नोकराने आपल्या श्रोत्यांना सांगून ठेवलेले बरे.

आता या जोडवस्तूच्या जन्माकडे येतो. 'छत्र' आणि 'आतपत्र' हे आपले शब्द मुळात उन्हाचे. पाश्चात्त्यांच्या 'अम्ब्रेला' शब्दातही सावलीच आहे. पावसासाठी छत्री घेऊन लंडनच्या रस्त्यावरून नियमाने फिरणारा पुरुष म्हणून अठराव्या शतकातील जोनास हॅनवेचे नाव सांगतात. त्या काळी छत्री बायकांची समजली जाई, आणि भाड्याच्या गाड्या हाकणारे तर त्याच्यावर फारच चिडत, कारण पाऊस हाच त्यांचा धंदा होता. तेव्हाच्या छत्र्या देवमाशाच्या हाडांच्या काड्यांच्या, जाड आणि बोजड असत. 1852 मध्ये सॅम्युएल फॉक्स याने पोलादी पन्हळी काड्यांचा सांगाडा बनवला. छत्री सडपातळ झाली, घट्ट गुंडाळता येऊ लागली आणि मग सभ्य गृहस्थाच्या हातातील छडीची जागा तिने हळूहळू घेतली. हीच छत्री मुंबईच्या गोदीतून आपल्या कचेऱ्यांत आणि शाळांत पोहोचली. वेताच्या वाकड्या मुठीची काळी छत्री, काळी टोपी आणि लांब कोट हे मास्तरांचे चित्र आपल्यापैकी अनेकांनी निदान छायाचित्रात पाहिले असेल. पाऊस नसतानाही ती छत्री बरोबर असे. मुलांना ती नुसती छत्री वाटत नसे, हे निराळे सांगायला नको.

परंतु मला सर्वांत अधिक शिकवून गेला तो एक जर्मन. हान्स हाउप्ट त्याचे नाव. युद्धातील जखमेमुळे त्याला काठी घेऊन चालावे लागे. एका हातात काठी असताना दुसऱ्या हातात लांब छत्री वागवणे त्याला जड जाई. त्याने काय करावे? त्याने दोन्ही वस्तू एक केल्या नाहीत. काठी होती तशी ठेवली आणि छत्रीच मिटवून खिशात मावेल एवढी केली. 1928च्या सुमारास त्याची 'क्निर्प्स' छत्री बाजारात आली. आज आपल्या सुनांच्या पर्समध्ये जी दुमडती छत्री असते, तिचे मूळ एका लंगडणाऱ्या माणसाच्या अडचणीत आहे. मला विचाराल तर जोडवस्तू बनवणाऱ्या साऱ्या कारागिरांपेक्षा हाउप्ट शहाणा होता. तसे का वाटते, हे सांगण्यासाठी थोडे घरचे बोलावे लागेल.

आमचे अण्णा रत्नागिरी जिल्ह्यातील एका शाळेत शिक्षक होते. आई गेल्यावर त्यांना दिल्लीला आणले. वय ऐंशीच्या पुढे गेलेले, उजवा गुडघा दुखरा. काठीचा विषय काढला की म्हणत, "काठी म्हाताऱ्यांनी घ्यावी. मला छत्री आण." मी आणली. मग जानेवारीच्या कोरड्या थंडीत, मफलर गुंडाळून, बंद छत्री टेकीत अण्णा वसाहतीच्या बागेला फेऱ्या घालू लागले. पोरे विचारीत, "अंकल, बारिश कहाँ है?" अण्णा उत्तर देत, "रत्नागिरी में." त्यांच्या हिंदीतले हे बहुधा एकमेव निर्दोष वाक्य असावे. छत्रीमुळे त्यांचे वय झाकले जात होते. आपला आधार लोकांना पावसाची तयारी वाटावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती, आणि ती अपेक्षा हास्यास्पद होती असे मला आजही वाटत नाही.

श्रावणात एका सकाळी जिन्याखालची फरशी ओली होती. छत्रीचे धातूचे टोक सरकले. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. पुढील पावणेदोन वर्षे अण्णा वॉकर धरून घरातल्या घरात चालले आणि नंतर गेले. रत्नागिरीचा पाऊस त्यांनी पुन्हा पाहिला नाही.

त्या पावणेदोन वर्षांत मी काठ्यांचा अभ्यास केला. त्यातले आपल्या उपयोगाचे ते सांगतो. साधी छत्री ही काठी नव्हे. तिचा दांडा कापड पेलण्यासाठी असतो, देह पेलण्यासाठी नसतो; तिचे टोक अरुंद आणि गुळगुळीत असते. काठीच्या टोकाला रुंद रबरी बूच हवे, आणि त्याच्या तळावरच्या रेषा झिजल्या की ते बदलावयास हवे. काठीची उंची माणसागणिक निराळी. पायांत नेहमीची पादत्राणे घालून ताठ उभे राहावे, हात सैल सोडावा. मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर ती काठीची उंची. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहिले पाहिजे. छत्रीची लांबी मात्र तिच्या काड्यांनी ठरलेली असते; ती आपल्यासाठी कमीजास्त होत नाही. आणि काठी धरावी ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. आपल्यापैकी बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात, मी आज दारात उभा राहून मोजले आहे. चालताना डाव्या पायाबरोबर उजवा हात पुढे जातो. दुखऱ्या पायावर भार येतो त्याच क्षणी विरुद्ध हातातील काठी टेकली, तर खुब्यावरचा भार हलका होतो.

बाजारात जी जोडवस्तू मिळते ती दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात छत्रीचाच दांडा जाड करून तिला रबरी टोक लावतात. ही पावसाविना ठीक. पण उघडली की काठी नाहीशी होते, आणि ती नाहीशी होते नेमकी रस्ता निसरडा असताना. दुसरा प्रकार अधिक कल्पक आहे. बाहेर पोकळ काठी आणि तिच्या पोटात छत्री. खटका दाबून छत्री ओढून काढली तरी काठी आपल्या स्वतंत्र मुठीसह हातात राहते. अण्णांसाठी मी हीच आणली होती. दिसायला देखणी, अण्णांनीही हिला काठी न म्हणता 'यंत्र' म्हणून मान्यता दिली. मात्र ओली छत्री लगेच पोटात घालता येत नाही, घातली तर आत पाणी साचून गंज धरतो. आणि मुख्य अडचण पुढेच आहे. एका हातात काठी, दुसऱ्या हातात छत्री. मग जिन्याचा कठडा कोणत्या हाताने धरावयाचा? औषधांची पिशवी कोणी घ्यावयाची?

या यंत्राला तिसरा हात लागतो. आणि आपल्या भाषेने हे फार पूर्वी ओळखलेले दिसते. बाप गेला की आपण 'छत्र हरपले' म्हणतो. कर्त्या मुलाला 'म्हातारपणची काठी' म्हणतो. या दोन्ही वस्तू भाषेने माणसांत पाहिल्या. आपण दिल्लीला आलो तेव्हा गावाकडच्या कोणाची तरी काठी आपल्याबरोबर आली. आता आपली मुले ह्यूस्टन आणि सिंगापूरला आहेत. त्याबद्दल त्यांना दोष देण्याचा अधिकार मला तरी वाटत नाही. रेल्वेने आलो म्हणून आपले जाणे निराळे होते असे नाही. 2007 साली संसदेने आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा केला. 2017 पासून राष्ट्रीय वयोश्री योजनेखाली गरजू वृद्धांना काठ्या, वॉकर, श्रवणयंत्रे मिळू लागली. ती कानपूरच्या कृत्रिम अंग निर्माण निगमाकडून येतात. कायद्याने पोटगी मिळते आणि योजनेतून काठी मिळते. छत्री धरून चार पावले बरोबर येणारा माणूस कोणत्याही परिपत्रकाने पुरवता येत नाही, हे मी बत्तीस वर्षे परिपत्रके लिहून सांगत आहे.

येथे काकासाहेब कालेलकरांची आठवण होते. साताऱ्यात जन्मलेले, आयुष्याचा उत्तरकाळ दिल्लीत राजघाटाजवळच्या 'सन्निधी'त घालवलेले, येथेच 1981 मध्ये निवर्तलेले. दांडीयात्रेत गांधीजींच्या हाती जी काठी होती ती काकासाहेबांनी दिलेली, आणि त्यांच्याकडे ती मंजेश्वरचे कवी गोविंद पै यांच्याकडून आलेली, असे सांगतात. गांधीजी तेव्हा साठ वर्षांचे होते. ती काठी त्यांनी दुकानातून आणली नव्हती, कोणीतरी आपल्या हातची काढून दिली होती. राजघाटासमोरच्या राष्ट्रीय गांधी संग्रहालयात गांधीजींच्या वापरातील एक काठी ठेवलेली आहे. तिच्यासमोर उभे राहिले म्हणजे काठी टेकण्यात संकोच वाटण्याचे कारण उरत नाही. अण्णांना मी तेथे नेले होते. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "बूच नाही रे हिला."

ज्यांना तिसरा हात उपलब्ध नाही, त्यांच्यासाठी तोड आपल्या धनगरांकडे आणि कोकणातल्या लावणी करणाऱ्या बायकांकडे आहे. धनगर काठी हातात घेतो आणि घोंगडीची खोळ डोक्यावरून पांघरतो; एक हात मोकळा. बाई पाठीवर इरले घेते. दोन्ही हात मोकळे. त्यांनी छत्री हातातून काढून अंगावर नेली. हाउप्टने जे जर्मनीत केले त्याच जातीचा हा विचार, आणि पुष्कळ जुना. तेव्हा पावसात काठीवाल्याने टोपीचा रेनकोट घालावा आणि छत्री घरी ठेवावी. उन्हाळ्यात रुंद काठाची टोपी घालावी. दिल्लीत पाऊस थोडे दिवस येतो, पण आला की विचारत नाही. 28 जून 2024 रोजी सफदरजंगला चोवीस तासांत 228 मिलिमीटर पडला आणि अर्धी दिल्ली पाण्यात उभी राहिली. अशा दिवशी काठी असो वा छत्री असो, घराबाहेर पडू नये हे उत्तम.

आता मंडळासाठी दोन गोष्टी. आपल्या सभागृहाच्या सात पायऱ्यांना एकाच बाजूला कठडा आहे. चढताना जो उजव्या हाताला असतो, तो उतरताना डाव्या हाताला येतो; ज्याचा डावा हात अधू आहे त्याने घरी कसे जावे? सुवर्णमहोत्सवाच्या कमानीवर जेवढा खर्च झाला त्याहून कमी खर्चात दुसरा कठडा होईल. दुसरे असे, की पावसाळी कार्यक्रमांना ज्येष्ठांची उपस्थिती रोडावते. फाटकापासून सभागृहापर्यंत मोठी छत्री धरून सोबत करण्यासाठी युवक शाखेतील चौघांची पाळी लावावी. गणेशोत्सवात प्रसादवाटपाची पाळी लागते, तशीच. कार्यकारिणीला मी हे लेखी दिले आहे, आवक क्रमांकासह.

समोरच्या मेजावर तीन नमुने ठेवले आहेत: साधी काठी, जाड दांड्याची छत्री आणि अण्णांचे यंत्र. चहापानाच्या वेळी हाताळून पाहावेत. ज्यांना काठीची उंची मोजून हवी असेल त्यांच्यासाठी माझ्याकडे फीत आहे, मात्र चपला घालून यावे. आणि मधल्या छत्रीवर कोणीही भार देऊ नये.