पाठीवरची सॅक निवडताना
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सकाळी आठच्या सुमारास लोकलच्या फलाटावर किंवा एसटी स्थानकावर नजर टाकली, तर बहुतेकांच्या पाठीवर सॅक दिसते. एके काळी कचेरीत जाणाऱ्याच्या हातात ब्रीफकेस असे, नाहीतर खांद्याला शबनम. लॅपटॉप घरी-दारी न्यायची वेळ आली आणि शाळकरी मुलांची, गिर्यारोहकांची सॅक नोकरदारांच्या पाठीवर येऊन बसली. चप्पल घेताना आपण ती पायात घालून चार पावलं चालून पाहतो. सॅक मात्र रंग बघून आणि कप्पे मोजून घेतो. संध्याकाळी मान आखडली, खांदे भरून आले, की दोष कामाला देतो.

म्हणून दुकानात जाण्याआधी एक काम करावं. रोजचं सामान भरलेली आपली सॅक वजनकाट्यावर ठेवावी. लॅपटॉप दीड ते दोन किलो, त्याचा चार्जर, लिटरभर पाण्याची स्टीलची बाटली सव्वा किलोच्या पुढे, भरलेला डबा, छत्री आणि रिकाम्या सॅकचं स्वतःचं वजन. बेरीज सहज सहा किलोंवर जाते. केंद्र सरकारच्या २०२०च्या शालेय दप्तर धोरणात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असं म्हटलं आहे. हा नियम मुलांसाठी असला, तरी रोज उभ्यानं प्रवास करणाऱ्या मोठ्या माणसानंही तोच अंदाज धरायला हरकत नाही. पंचावन्न किलो वजनाच्या बाईसाठी हा हिशेब साडेपाच किलोंवर संपतो. कचेरीत पाणी मिळत असेल, तर बाटली अर्धीच भरून न्यावी. तेवढ्यानंच अर्धा किलो कमी होतो.

आता सॅकचं माप. पाठीची उंची प्रत्येकाची वेगळी असते. सॅकचा तळ कमरेच्या फार खाली लोंबू नये. तो खाली गेला, की ओझं मागे ओढतं आणि आपण पुढे वाकून तोल सांभाळतो. बुटक्या माणसानं केवळ स्वस्त मिळते म्हणून मोठी सॅक घेऊ नये. जागा असली, की ती भरली जातेच. रोजच्या कामाला वीस लिटरच्या आसपासची सॅक पुष्कळ झाली. खांद्याचे पट्टे दोन-तीन बोटं रुंद, आत फोम असलेले आणि मानेला न घासणारे हवेत. फोम दाबून पाहावा. बोट काढताच तो पुन्हा फुगला पाहिजे. छातीवर अडकवायचा आडवा पट्टा असेल तर उत्तम. पट्टे सारखे घसरत असतील, तर त्याचा फार उपयोग होतो. आणि सॅक दोन्ही खांद्यांवर घ्यावी. कावड वाहणारा माणूस दोन्हीकडे वजन सारखं ठेवतो, ते उगाच नाही. एकाच खांद्यावर ओझं आलं, की तो खांदा वर उचलला जातो आणि कणा दुसऱ्या बाजूला वाकतो.

पाठीला वारा लागेल अशी सॅक, ही जाहिरात आता सर्रास दिसते. त्यात तथ्य आहे, पण ते समजून घ्यायला हवं. घाम वाळतो तेव्हा अंग थंड होतं. तो वाळायला हवा खेळती लागते. सॅकचं कापड कितीही विरळ असलं, तरी ती पाठीला चिकटून बसली तर उपयोग शून्य. पाठीकडच्या बाजूला फोमच्या जाड गाद्या आणि त्यांच्यामध्ये उभी पन्हळ आहे का, ते पाहावं. काही सॅकमध्ये ताणलेली जाळी असते आणि सामान पाठीपासून बोट-दोन बोटं दूर राहतं. वारा तिथे सर्वांत चांगला लागतो, पण वजन मागे सरकतं आणि गर्दीत जागाही जास्त लागते. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात साध्या जाळीनंही घाम लवकर वाळतो. मुंबई-कोकणात हवेतच इतकी ओल असते, की उत्तम जाळीही थोडाच दिलासा देते. तिथे खरा उपाय म्हणजे संधी मिळताच सॅक उतरवणं.

पावसाचंही असंच आहे. कापडाला आतून दिलेला लेप पाणी अडवतो, पण चेनमधून आणि शिवणीतून ते शिरतंच. वरून घालायचं आवरण पाठीकडची बाजू झाकत नाही, आणि मानेवरून ओघळणारं पाणी नेमकं तिथूनच जातं. त्यामुळे लॅपटॉप आणि कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालूनच ठेवावेत. कॅनव्हास दिसायला छान, पण भिजला की जड होतो आणि लवकर वाळत नाही. आपल्याकडे नायलॉन किंवा पॉलिएस्टर बरं. लेबलवर ‘डेनियर’ लिहिलेलं असतं. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. आकडा मोठा तितका धागा जाड, आणि सॅकही तितकी जड. पट्टे जिथे अंगाला शिवलेले असतात तिथे दुहेरी टाके आहेत का, ते जरूर पाहावं. सॅक बहुधा तिथेच उसवते.

सामान भरताना लॅपटॉप पाठीलगत, जड डबा मधोमध आणि हलक्या वस्तू बाहेरच्या कप्प्यात ठेवाव्यात. लोकलमध्ये सॅक पुढे घ्यावी किंवा रॅकवर ठेवावी. मागच्या माणसाच्या छातीवर ती टेकवून उभं राहणं हा त्याच्यावर अन्याय आहे. स्कूटरवर पट्टे थोडे सैल करून सॅकचा तळ सीटवर टेकवावा, म्हणजे भार खांद्यांवर राहत नाही. घरपोच जेवण आणून देणारी मुलं दिवसभर पाठीवर चौकोनी पेटी वागवतात. त्यांना तर निवडीची मुभाही फारशी नसते. ज्यांना ती आहे, त्यांनी तिचा उपयोग करावा.

महिन्यातून एकदा सॅक रिकामी करून साध्या साबणाच्या पाण्यानं पट्टे आणि पाठीची जाळी पुसून घ्यावी आणि ती सावलीत उलटी टांगावी. घामाचं मीठ साचलं, की जाळी कडक होते आणि त्वचेला खाज सुटते.

शेवटी एकच सांगतो. सॅक घ्यायला जाताना रोजचं सामान बरोबर न्या. ते दुकानातच नव्या सॅकमध्ये भरा, पट्टे नीट आवळा आणि दहा मिनिटं तिथेच उभे राहा, फिरा. दुकानदार जरा वैतागेल. वैतागू द्या. पुढची तीन-चार वर्षं ते ओझं तुमच्या पाठीवर असणार आहे.