पणजीचे सांडपाणी आणि आपली मांडवी
(नागरिकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सांडपाणी हा सभेत बोलण्याजोगा विषय नव्हे, असा आपला एक समज आहे. मोरीतले पाणी दृष्टीआड झाले की आपले कर्तव्य संपले, असे आपण मानतो. परंतु नदीच्या मुखाशी वसलेल्या पणजीत दृष्टीआड झालेले पाणी दूर जात नाही. ओहोटीबरोबर मांडवीतून बाहेर पडलेल्या घाणीचा काही अंश भरतीबरोबर पुन्हा आपल्याच किनाऱ्याला येतो.

या शहराचा बराचसा भाग सखल, भराव घालून तयार केलेल्या जमिनीवर उभा आहे. येथे वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि पावसाळ्यात भूजल अगदी वर येते. अशा वेळी सेप्टिक टाकीचा शोषखड्डा पाणी शोषून घेऊ शकत नाही. टाकी तुंबते आणि अर्धवट कुजलेला मैला गटारात, तेथून ओहोळात उतरतो. ताळगावच्या शेतांतून निघून कांपालपाशी मांडवीला मिळणारी सांतिनेजची खाडी याची साक्ष देते. तिच्या पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावावा लागल्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल.

दुर्गंधी हे केवळ बाह्य लक्षण होय. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य कुजविताना जीवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्च करतात. प्राणवायू संपला की मासळी तग धरू शकत नाही. याहून गंभीर गोष्ट तिसऱ्या, खुबे आणि कालवे यांची. हे जीव पाणी गाळून त्यातील अन्नकण घेतात. पाण्यात रोगजंतू असल्यास तेही त्यांच्या शरीरात साठतात. म्हणजे आपण मोरीत सोडलेले आपल्याच ताटात परत येऊ शकते, आणि नदीवर पोट भरणाऱ्यांची रोजी संकटात सापडते.

यावरील उपाय आपल्या शहरात आहे. मुक्तीनंतर 1960च्या दशकातच पणजीत भूमिगत मलनिस्सारण व्यवस्था आली. 2005 साली टोंक येथे दररोज 1 कोटी 25 लाख लिटर पाणी शुद्ध करू शकणारा प्रकल्प कार्यान्वित झाला. मी कला शाखेचा पदवीधर. तरीही तेथील क्रिया मला सहज उमगली. आधी जाळ्यांनी कचरा व वाळू वेगळी काढतात. मग टाकीत पाणी भरून त्यात हवा सोडतात. हवेवर वाढणारे जीवाणू घाण खाऊन टाकतात. त्यानंतर हवा बंद करून पाणी स्थिर ठेवले की गाळ तळाशी बसतो आणि वरचे निवळ पाणी काढून त्याचे निर्जंतुकीकरण करतात. नदीत एरवी जे प्राणवायूच्या मोलाने घडले असते, तेच येथे टाकीत, नियंत्रणाखाली घडते.

परंतु मित्रहो, प्रकल्प कितीही कार्यक्षम असो, त्याच्यापर्यंत पोहोचलेलेच पाणी तो शुद्ध करू शकतो. रस्त्याखालून वाहिनी गेली आणि घर तिला जोडलेच नाही, तर त्या घरापुरता प्रकल्प नसल्यासारखाच. उलट, काही ठिकाणी छपरावरचे पावसाचे पाणी मलवाहिनीत सोडले जाते. त्या लोंढ्याने वाहिन्या भरून मैला रस्त्यावर येतो. स्वयंपाकघरातील तेल आणि चिंध्या वाहिनीत टाकल्यानेही हेच घडते. घरजोडणी हे कायदेशीर कर्तव्य व्हावे म्हणून 2008 साली राज्याने स्वतंत्र कायदा केला. तथापि कायद्याचा हात प्रत्येक मोरीपर्यंत पोहोचू शकत नाही. तेथे घरमालकाची जाणीवच उपयोगी पडते.

जोडणीसाठी अंगण खणावे लागते, खर्च येतो, चार दिवस गैरसोय होते, हे मी नाकारीत नाही. पण त्या खर्चाच्या मोबदल्यात शेजाऱ्याची विहीर, मुलांचा किनारा आणि मांडवीतील मासळी सुरक्षित राहते. शासनाने वाहिनी आपल्या दारापर्यंत आणली आहे तेथे उरलेली काही हात वाट आपण पूर्ण करावी, एवढीच आपणांस नम्र विनंती आहे.